बॅटरी वारंवार उतरते तेव्हा : लहान जबड्याच्या डीसी क्लॅम्प मीटरचा अनुभव

गाडी चार दिवस उभी राहिली, की पाचव्या दिवशी किल्ली फिरवल्यावर डॅशबोर्डवरचे दिवे मंद होत आणि सेल्फ फिरण्याऐवजी नुसता टकटक आवाज येई. बॅटरीचे आयुष्य संपले आहे असे गॅरेजमध्ये सांगण्यात आले, म्हणून मी ४५ अँपिअर-तासांची नवी बॅटरी बसवली आणि तीसुद्धा तीन आठवड्यांत दोनदा उतरली. या दुखण्याचे मूळ शेवटी ज्या उपकरणाने दाखवले, त्या लहान जबड्याच्या डीसी क्लॅम्प मीटरचे, म्हणजे केबलभोवती जबडा मिटवून करंट मोजणाऱ्या साधनाचे, हे परीक्षण आहे. ज्यांची बॅटरी अशीच वारंवार उतरते, त्यांनी दुसरी बॅटरी घेण्याआधी हे मीटर हाती घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मीटर घेण्याआधी दोन गोष्टी साध्या मल्टीमीटरने तपासून घ्याव्या लागतात. इंजिन बंद करून काही तास गेल्यावर पूर्ण चार्ज झालेल्या बॅटरीचा दाब १२.६ व्होल्टच्या आसपास असतो आणि १२.२ व्होल्टला ती साधारण निम्मी रिकामी झालेली असते. इंजिन चालू असताना हाच दाब १३.८ ते १४.७ व्होल्टच्या दरम्यान आला, तर अल्टरनेटर बॅटरी भरतो आहे असे समजावे. माझ्या गाडीत हे आकडे अनुक्रमे १२.६ आणि १४.२ होते. बॅटरी भरत होती आणि तरीही उतरत होती, म्हणजे गाडी बंद असताना कुठेतरी वीज झिरपत होती.

ही गळती मोजण्याची जुनी पद्धत म्हणजे बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल सोडवून मल्टीमीटर मधे जोडणे. मी तेच केले, मीटरवर ०.०३ अँपिअर दिसले आणि गाडीत दोष नाही असा निष्कर्ष काढून मी दोन आठवडे वाया घालवले. टर्मिनल सोडवताच गाडीतल्या सगळ्या कंट्रोल युनिटांचा, म्हणजे गाडीतली निरनिराळी कामे सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पेट्यांचा, पुरवठा तुटतो आणि पुन्हा जोडल्यावर ती नव्याने सुरू होतात. जे युनिट एरवी जागे राहून वीज खात असते, तेच अशा वेळी मुकाट्याने झोपी जाते आणि आपण जे शोधायला निघालो ते आपल्याच हाताने पुसले जाते. शिवाय मीटर असा जोडलेला असताना चुकून किल्ली फिरवली गेली, तर त्याचा १० अँपिअरचा फ्यूज उडतो. क्लॅम्प मीटरला मात्र काहीच सोडवावे लागत नाही. जबडा उघडून तो केबलभोवती मिटवला की करंट दिसतो, आणि गाडी ज्या अवस्थेत आहे त्याच अवस्थेत राहते. या एका गुणासाठी मी त्याला उरलेले सगळे दोष माफ करायला तयार आहे.

खरेदी करताना मात्र डोळसपणे घ्यावा. साधा क्लॅम्प मीटर ट्रान्सफॉर्मरच्या तत्त्वावर चालतो आणि केवळ एसी करंट मोजतो, त्यामुळे गाडीच्या केबलवर तो शून्यच दाखवील. आपल्याला हॉल सेन्सर, म्हणजे चुंबकीय क्षेत्र ओळखणारा सेन्सर, असलेला मीटर हवा. त्याच्या डायलवर अँपिअरच्या अक्षरापाशी लाटेच्या चिन्हासोबत सरळ रेषा आणि तिच्याखाली तुटक रेषा असते. तसेच शेकडो अँपिअर मोजणारे मोठ्या जबड्याचे मीटर या कामाला चालत नाहीत, कारण त्यांच्या पडद्यावरचा शेवटचा आकडाच बहुधा ०.१ अँपिअरचा असतो. बंद गाडीचा नेहमीचा करंट सर्वसाधारणपणे ०.०५ अँपिअरच्या आत असायला हवा, म्हणून सर्वांत खालच्या रेंजवर १ मिलिअँपिअरपर्यंत वाचता येणारा मीटरच उपयोगी पडतो.

वापरताना सर्वांत जास्त काळजी शून्य लावण्याची घ्यावी लागते. केबलजवळ, पण केबल आत न घेता, ज्या दिशेने मीटर धरायचा आहे त्याच दिशेने धरून शून्याचे बटण दाबावे. मी रिकामा मीटर हातात नुसता आडव्याचा उभा केला, तरी आकडा ०.०२ ते ०.०३ ने सरकला, कारण हॉल सेन्सरला पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र आणि जवळचे लोखंडही जाणवते. म्हणून शेवटच्या आकड्यावर फार विसंबू नये. एकदा मोजून झाल्यावर जबडा उलटा फिरवून पुन्हा मोजावे. मला एका बाजूने ०.३९ आणि उलट बाजूने उणे ०.३७ मिळाले, तेव्हा शून्याची चूक वजा जाता खरा करंट ०.३८ अँपिअर धरता आला. निगेटिव्ह टर्मिनलवरून एकाहून अधिक वायरी निघत असतील, तर त्या सगळ्या जबड्यात आल्या पाहिजेत, आणि इथे लहान जबड्याची अडचण होते. माझ्या गाडीत त्या जेमतेम मावल्या.

बोनेट उघडे असतानाही गाडीला ते बंद वाटावे म्हणून त्याचे लॅच स्क्रूड्रायव्हरने मिटवले, दारे लॉक केली, किल्ली दूर नेऊन ठेवली आणि थांबलो. करंट सुरुवातीला काही अँपिअर असतो आणि एकेक युनिट झोपत जाईल तसा पायरीपायरीने उतरतो. हे व्हायला वीस मिनिटे ते पाऊण तास लागू शकतो. नेमक्या याच वेळी मीटरचा सर्वांत त्रासदायक दोष समोर आला, तो असा की पंधरा मिनिटांनी तो आपोआप बंद होतो, आणि पुन्हा चालू केल्यावर लावलेले शून्य विसरलेला असतो. एक बटण दाबून धरत चालू केल्यास ही सोय बंद करता येते, पण पुस्तिकेत ते इतक्या बारीक अक्षरात दिले आहे की मला ते तिसऱ्या खेपेला सापडले. पाऊण तासानंतर आकडा ०.३८ वर अडकला आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही तिथेच होता. दिवसाला नऊ अँपिअर-तासांहून थोडे अधिक, म्हणजे चार दिवसांत छत्तीस. ४५ अँपिअर-तासांच्या बॅटरीत मग सेल्फ फिरवण्यापुरते काय उरणार!

पुढचे काम याच मीटरच्या मिलिव्होल्ट रेंजने केले. फ्यूजमधून करंट जात असेल, तर त्याच्या पाठीवरच्या दोन उघड्या ठिपक्यांमध्ये अगदी थोडा दाब दिसतो. फ्यूज उपटून पाहण्यापेक्षा ही पद्धत चांगली, कारण उपटून पुन्हा बसवलेला फ्यूज झोपलेल्या युनिटला जागे करतो. एकामागून एक फ्यूजवर शून्याच्या आसपास आकडे येत गेले आणि १० अँपिअरच्या एका फ्यूजवर अडीच मिलिव्होल्ट दिसले. तो म्युझिक सिस्टीमचा होता. तो काढताच केबलवरचा करंट ०.०३ वर आला. गाडी बंद केल्यावर पडदा काळा होई, पण आतले युनिट झोपत नसे. टर्मिनल सोडवून जोडल्यावर मात्र ते नीट झोपे, आणि मल्टीमीटरने मला फसवले ते त्यामुळेच.

या मीटरने बॅटरीची प्रकृती कळेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. सेल्फचा करंट शेकडो अँपिअर असतो आणि तो त्याच्या आवाक्याबाहेर आहे. त्यासाठी बॅटरीवर मोठा भार टाकून ती तपासणारा लोड टेस्टर वापरावा, किंवा सेल्फ मारताना दाब ९.६ व्होल्टच्या खाली जात नाही ना, एवढे तरी पाहावे. दोनदा पूर्ण उतरल्यामुळे पाट्यांवर सल्फेट जमून माझ्या नव्या बॅटरीचे काही नुकसान झालेच असणार. ती म्युझिक सिस्टीम मी बदलली. त्यानंतर गाडी सहा दिवस जागची हलवली नाही आणि सातव्या दिवशी सकाळी किल्ली लावण्यापूर्वी टर्मिनलवर १२.५ व्होल्ट मिळाले.