फिक्स अँगलवाल्या धार लावायच्या सेटसाठी दगड कुठले घ्यावेत, सात महिने वापरून

सात महिने झाले हा सेट वापरतोय, म्हणजे सुरी क्लॅम्पमध्ये आवळायची आणि दगड रॉडला लावून ठरलेल्या कोनात ओढायचा तो प्रकार. सेट चांगलाच आहे, पण खरा खेळ दगडांचा.

सोबत 120 ते 3000 असे सहा दगड आले होते (नंबर मोठा म्हणजे कण बारीक) आणि मला वाटायचं नंबर जितका मोठा तितकी धार भारी, म्हणून सगळा वेळ 3000 वर घालवायचो. सुरी आरशासारखी चमकायची आणि दोन दिवसांत बोथट, कारण सुरुवातीच्या खरखरीत दगडावरच काम अर्धवट सुटत होतं, पूर्ण लांबीभर बर (घासल्यावर धारेच्या दुसऱ्या बाजूला वळून येणारी धातूची बारीक कड) आलेलीच नसायची. आता धारेचा उतार मार्करने काळा करतो, दोन-चारदा दगड ओढला की शाई कुठे राहिली ते दिसतं, टोकाशी आणि मुठीजवळ तर हमखास राहते. मग अंगठ्याचं पोट पात्याकडून धारेच्या बाहेर हलकेच फिरवायचं, दुसऱ्या बाजूला बर खरखरीत लागते, ती सगळीकडे लागल्याशिवाय पुढचा दगड हातात घ्यायचा नाही म्हणजे नाही.

दुसरी गोष्ट जाडीची. दगड बदलला की जाडी बदलते आणि कोन सरकतो, पिव्होटपासून (रॉड जिथे टेकून फिरतो तिथून) धार 200 मिलिमीटरवर असेल तर एक मिलिमीटरच्या फरकाला जवळजवळ 0.3 डिग्री. म्हणून सगळे दगड एकाच जाडीचे घ्या, नाहीतर डिजिटल अँगल गेजने दर दगडाला कोन परत लावा.

आणि नंबरवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका, जपानी 1000 म्हणजे साधारण 11 ते 14 मायक्रॉनचे कण आणि युरोपियन एफ 1000 म्हणजे साडेचार, दोन्हींवर 1000च लिहिलेलं! मायक्रॉन दिले असतील तर तेच बघा.

शेवटी मी तीनच ठेवलेत. 400 चा डायमंड (म्हणजे हिऱ्याचे कण बसवलेली प्लेट), 1000 चा डायमंड आणि शेवटाला एक बारीक सिरॅमिक. डायमंड सपाटच राहतो, पाण्याच्या दगडासारखा मधे खोलगट होत नाही, आणि व्हॅनेडियम जास्त असलेल्या कडक स्टीलला तर तोच हवा, अॅल्युमिनियम ऑक्साइडचा दगड तिथे नुसता घासत बसतो. पण नवा असताना मोठे कण वर आलेले असतात, खोल ओरखडे पडतात, चार-पाच सुऱ्यांनंतर तो शांत होतो, त्यामुळे चांगली सुरी पहिल्याच दिवशी लावू नका. आणि दाबू तर अजिबात नका, साध्या डायमंड प्लेटवर कणांचा एकच थर असतो, तो उखडला की प्लेट संपली. माझी पहिली 400 अशीच दोन महिन्यांत गेली, अजून हळहळ वाटते.

रोजच्या साध्या सुऱ्यांना मी 1000 वरच थांबतो, बर काढतो आणि बास. तेवढ्या दातेरी धारेने गुळगुळीत साल पटकन पकडली जाते, 3000 वाली तिथे घसरायची.

हो, आणि टोकाशी आलात की दगड अर्धाच पुढे जाऊ द्या, पूर्ण उतरवलात तर टोक गोल होतं.