कोर्टात समाज किती दिसतो हे मोजायचंय? आधी कशाशी तुलना करायची ते ठरवा

लॉ कॉलेजचा प्रोजेक्ट असो, बातमी असो नाहीतर आरटीआय टाकायचा असो, पहिला प्रश्न हाच येतो की जजेसचा आकडा ठेवायचा कशाशेजारी? लोकसंख्येशेजारी की वकिलांच्या संख्येशेजारी. यावर निकाल अख्खा फिरतो.

बायकांचंच बघा. इंडिया जस्टिस रिपोर्ट 2025 प्रमाणे देशातल्या हायकोर्टांत महिला जज साधारण 14 टक्के. 2011 च्या जनगणनेत बायका 48.5 टक्के, म्हणजे जेवढ्या हव्यात त्याच्या एक तृतीयांश पण नाहीत. आता दुसरी पट्टी लावा. 2021 मधे तेव्हाचे सरन्यायाधीश रमणा म्हणाले होते की देशातल्या 17 लाख वकिलांत बायका फक्त 15 टक्के. 14 आणि 15, झालं की बरोबर! आकडा तोच, पण एका पट्टीनं घोर अन्याय आणि दुसरीनं सगळं ठीकठाक.

वकिलांची पट्टी लावणारे लोक खोटं बोलत नाहीत, हायकोर्ट जज व्हायला 10 वर्षं वकिली किंवा न्यायिक सेवा लागतेच, इंग्लंडमधे पण दरवर्षीची आकडेवारी पात्र वकिलांशी ताडून देतात. पण वकिलीत मुली टिकत का नाहीत, सिनियरच्या चेंबरमधे कोणाला जागा मिळते, पहिली काही वर्षं जवळपास फुकट काम करणं कोणाला परवडतं, हे सगळं या पट्टीत आधीच माफ होऊन जातं. म्हणून ती एकटी वापरू नका असं माझं ठाम मत आहे.

त्यापेक्षा मला तिसरी तुलना जास्त बोलकी वाटते, ती म्हणजे दोन दारांची. त्याच रिपोर्टमधे जिल्हा न्यायपालिकेत महिला 38 टक्क्यांच्या वर आहेत. तिथे बहुतेक भरती परीक्षेनं होते, बिहारसारख्या काही राज्यांत महिलांना आरक्षण पण आहे, आणि हायकोर्टात कॉलेजियमच्या (म्हणजे वरिष्ठ जजेसच्याच मंडळाच्या) शिफारशीनं, जिथे आरक्षण नाही. मुली परीक्षा देऊन आत येतायत पण वर नावं सुचवायची वेळ आली की आकडा निम्म्याच्याही खाली येतो. वरच्या पिढीत बायका कमी होत्या हे त्यातलं एक कारण आहेच, पण सगळा फरक वयावर ढकलता येईल असं मला वाटत नाही.

जातीचं मोजताना आज आहेत त्या जजेसपेक्षा नेमणुका मोजा. 2018 पासून शिफारस झालेल्यांकडून सामाजिक पार्श्वभूमीची माहिती घेतात, त्यावरून सरकारनं मार्च 2025 मधे राज्यसभेत सांगितलं की तेव्हापासून नेमलेल्या 715 हायकोर्ट जजांपैकी 22 अनुसूचित जातीचे, 16 अनुसूचित जमातीचे, 89 ओबीसी. म्हणजे एससी 3.1 टक्के (लोकसंख्येत 16.6) आणि एसटी 2.2 टक्के (लोकसंख्येत 8.6). माहिती ज्याची त्यानंच दिलेली आहे हे मात्र लिहा. ओबीसींना तर भागायला आकडाच नाही, 1931 नंतर देशभराच्या जनगणनेत सगळ्या जाती मोजल्याच नाहीत, येत्या जनगणनेत मोजणार म्हणतात. तोवर 12.4 टक्के एवढंच सांगा, अंदाज घुसवू नका.

आता फरक काढायचा की गुणोत्तर? इथे बरेच जण घसरतात. वजाबाकी केली तर बायका 34 पॉइंट मागे, एससी 13, एसटी 6, म्हणजे बायकांची अवस्था सगळ्यात वाईट. पण भागाकार केला तर बायका 0.29, एसटी 0.26, एससी 0.19. शंभर टक्के वाटा मिळायला हवा तिथे दलितांना एकोणीस टक्केच मिळतोय, सगळ्यात वाईट तेच! वेगवेगळ्या आकाराच्या गटांची तुलना असेल तर भागाकारच घ्या, वजाबाकीत छोटा गट कायम बरा दिसतो.

सुप्रीम कोर्टाची टक्केवारी काढूच नका असं मी सांगेन. 2025 मधे मंजूर पदं 34, एक जज म्हणजे सरळ 3 टक्के. ऑगस्ट 2021 मधे एकाच दिवशी तीन महिलांनी शपथ घेतली आणि एकूण चार झाल्या, 12 टक्के, आणि 2025 मधे बेला त्रिवेदी निवृत्त झाल्यावर उरल्या एकट्या नागरत्ना. तिथे नावं आणि कार्यकाळ लिहा. नागरत्ना सिनियॉरिटीप्रमाणे 2027 मधे सरन्यायाधीश झाल्या तर जेमतेम 36 दिवस राहतील, आणि आपले यशवंतराव चंद्रचूड सात वर्षांच्या वर होते. मोजणीत दोघंही "एक" च. अमरावतीचे भूषण गवई 2025 मधे सरन्यायाधीश झाले, बालकृष्णन यांच्यानंतरचे दुसरे दलित, त्याचं मोल खूप मोठं आहे पण त्यानं हायकोर्टातल्या 715 पैकी 22 चा आकडा बदलत नाही.

तर एकच निवडायची असेल तर 2018 नंतरच्या हायकोर्ट नेमणुका, लोकसंख्येशी, गुणोत्तरात. जागा असेल तर शेजारी दोन दारांची तुलना. आणि वेळ असेल तर मे 2025 मधे सुप्रीम कोर्टानं वेबसाइटवर टाकलेली, हायकोर्ट जज म्हणून मंजूर केलेल्या नावांची यादी उघडा, त्यात कोणाचे नातेवाईक जज आहेत किंवा होते हे पण दिलंय, लोकसंख्येच्या कुठल्याच पट्टीत ते पकडलं जात नाही.