खोक्यावरचं रेझोल्युशन आणि डोळ्यांपर्यंत पोहोचणारं रेझोल्युशन

व्हीआर हेडसेट (आभासी जग दाखवणारं, डोळ्यांवर चढवायचं यंत्र) घ्यायचा म्हटलं की सगळे आधी रेझोल्युशन विचारतात. अमक्यात इतके पिक्सेल, तमक्यात तितके. तीन वेगवेगळ्या धाटणीचे हेडसेट कित्येक महिने आलटून-पालटून वापरल्यावर माझं मत पक्कं झालंय: आधी लेन्स कोणती ते विचारावं, पिक्सेलचं नंतर बघता येतं.

तिन्हींची ओळख करून देतो. पहिला जुना, एलसीडी पॅनल (मागच्या दिव्याने उजळणारा पडदा) आणि फ्रेनेल लेन्सचा (गोल पट्ट्यांत कापलेलं पातळ भिंग), मेटा कंपनीच्या क्वेस्ट २ च्या पठडीतला. दुसराही एलसीडीच, पण पॅनकेक लेन्सचा (प्रकाश आतल्या आत परतवणारी आखूड लेन्स), म्हणजे क्वेस्ट ३ किंवा पिको ४ च्या पिढीतला. तिसऱ्यात पॅनल ओएलईडी (प्रत्येक पिक्सेल स्वतः पेटणारं), लेन्स मात्र पुन्हा फ्रेनेल, सोनीच्या पीएस व्हीआर२ मध्ये असते तशी. खाली जे बरं-वाईट लिहिलंय ते त्या त्या जातीच्या लेन्सबद्दल आणि पॅनलबद्दल आहे. कुठल्या कंपनीची तळी उचलायची नाही आणि कुणाला झोडपायचंही नाही.

आता आकडे. क्वेस्ट २ मध्ये एका डोळ्याला १८३२×१९२० पिक्सेल, क्वेस्ट ३ मध्ये २०६४×२२०८. गुणाकार केला तर फरक तीसेक टक्के निघतो. डोळ्यांना तो यापेक्षा कितीतरी मोठा वाटतो, आणि त्याचं श्रेय बहुतांशी लेन्सला जातं. याचा पुरावा मेटाच्याच यादीत आहे. २०२४ मध्ये आलेल्या क्वेस्ट ३एस मध्ये चिप क्वेस्ट ३ चीच, पण पॅनलचं रेझोल्युशन क्वेस्ट २ एवढं आणि लेन्स पुन्हा फ्रेनेल. गेम तेच, वेग तोच, पण चित्र मागच्या पिढीचं.

फ्रेनेल लेन्सचं नेमकं काय दुखतं ते विमानाच्या सिम्युलेटरमध्ये लगेच कळतं. नजर समोरच्या धावपट्टीवर, आणि उंची दाखवणारी तबकडी खाली एका बाजूला. खऱ्या कॉकपिटमध्ये आपण मान न हलवता डोळे खाली वळवतो. फ्रेनेलमधून तसं केलं की तबकडी आहे एवढं कळतं, काटा कुठे आहे ते कळत नाही. मग मान वळवायची, तबकडी लेन्सच्या मधोमध आणायची, वाचायची, मान परत वर. मधला स्वच्छ भाग, ज्याला सगळे स्वीट स्पॉट म्हणतात, तेवढाच काय तो कामाचा. सुरुवातीला याचं काही वाटत नाही, शरीर आपोआप सवय लावून घेतं. पण तासाभराने मानेला कळतं. पॅनकेकवर आलो आणि पहिल्यांदा नुसते डोळे वळवून काटा वाचला, तेव्हा इतके दिवस आपण नजरेचं काम मानेकडून करून घेत होतो हे लक्षात आलं.

फ्रेनेलची दुसरी कटकट म्हणजे काळ्या पार्श्वभूमीवरची पांढरी अक्षरं. गेम सुरू होताना नाव झळकतं आणि प्रत्येक अक्षरातून बाहेरच्या बाजूला उजेडाचे फराटे ओघळतात. कारण सरळ आहे. जाड भिंगाचा वक्र पृष्ठभाग गोलाकार पट्ट्यांत कापून सपाट बसवला की भिंग पातळ आणि हलकं होतं, पण दोन पट्ट्यांमधल्या कडांवर प्रकाश भलतीकडे विखुरतो. ही कल्पना ओग्युस्तँ फ्रेनेल यांनी १८२० च्या दशकात दीपगृहांसाठी वापरली. तिथे उजेड दूर समुद्रात फेकायचा होता, कडांवर थोडा विखुरला तरी कुणाचं काही बिघडत नव्हतं. इथे तीच लेन्स डोळ्यापासून बोटभर अंतरावर असते.

पॅनकेकमध्ये कडा नाहीत, म्हणून फराटेही नाहीत. त्यात ध्रुवीकरणाच्या (प्रकाशलहरींची दिशा निवडणाऱ्या) फिल्म आणि अर्धपारदर्शक आरसा वापरून प्रकाश लेन्सच्या आतच मागे-पुढे परतवला जातो. त्यामुळे पॅनल लेन्सच्या अगदी जवळ बसतं आणि हेडसेटचं नाक आखूड होतं. वजन काट्यावर फारसं कमी भरत नसेल, पण ते चेहऱ्यापासून लांब लोंबत नाही, आणि हा फरक गालांच्या हाडांना कळतो. किंमत मोजावी लागते ती उजेडाची. अर्ध्या आरशाशी प्रकाशाची दोनदा गाठ पडते आणि दोन्ही वेळा निम्मा वाया जातो, म्हणजे आदर्श परिस्थितीतही जेमतेम चौथा हिस्सा डोळ्यांपर्यंत येतो. एलसीडीच्या मागचा दिवा जोरदार ठेवता येतो, त्यामुळे तिथे निभावतं. मायक्रो-ओएलईडीवाल्यांची (अगदी छोट्या, दाट पिक्सेलच्या ओएलईडी पॅनलवाल्यांची) मात्र कसरत होते. व्हिजन प्रो आणि बिगस्क्रीन बियाँड या दोन्ही हेडसेटांत ती पॅनल पॅनकेक पद्धतीच्या लेन्सपुढे बसवली आहेत. चित्र हलताना पुसट होऊ नये म्हणून पिक्सेल प्रत्येक फ्रेममध्ये अगदी थोडा वेळच पेटवायचा असतो, आणि तेवढ्या वेळात पुरेसा उजेड काढणं सोपं नाही.

पॅनकेकही अगदी निर्मळ नसतात. आतल्या परावर्तनामुळे उजळ वस्तूची फिकट सावली भलत्याच जागी दिसते. अंधाऱ्या खोलीत एकच दिवा असेल तर जास्तच. मला ती फराट्यांपेक्षा शंभर पटींनी परवडते.

आणखी एक गंमत कुणी आधी सांगितली नव्हती. स्वतंत्र चालणाऱ्या हेडसेटमध्ये चिपवरचा भार हलका करायला बरेच गेम चित्राच्या कडा मुद्दाम कमी रेझोल्युशनमध्ये काढतात. फ्रेनेलमध्ये कडा तशाही धूसर, त्यामुळे चोरी पचून जायची. पॅनकेकमधून ती उघडी पडते. कोपऱ्यातली भिंत ठोकळ्या-ठोकळ्यांची दिसते आणि दोष उगाच लेन्सला दिला जातो.

मग ओएलईडीवाला का ठेवलाय? काळ्या रंगासाठी. एलसीडीमध्ये मागचा दिवा पूर्ण अडवला जात नाही, त्यामुळे रात्रीचं आकाश हे राखाडी आकाश असतं. गुहेत शिरलो तरी अंधार झालाय असं वाटत नाही, धुकं पसरलंय असं वाटतं. ओएलईडीमध्ये प्रत्येक पिक्सेल स्वतः पेटतो आणि स्वतः विझतो. अवकाशाच्या गेममध्ये मी इंजिन बंद करून नुसता तरंगत बसतो, आणि तिथे मला रेझोल्युशन आठवतही नाही.

पण याचीही दुसरी बाजू आहे. गडद करड्या दृश्यांत पिक्सेलांच्या उजेडात बारीक चढ-उतार दिसतात, जुनाट मलमलीतून बघावं तसे. याला म्युरा म्हणतात. डोकं हलवलं तरी तो नजरेसमोर तसाच चिकटून राहतो, म्हणून जास्त खुपतो. पूर्ण विझलेला पिक्सेल पेटायला किंचित उशीर लावतो, त्यामुळे काळ्या वस्तूच्या कडेला मान वळवताना ओघळ दिसतो. शिवाय बऱ्याच ओएलईडी हेडसेटमध्ये पेनटाइल मांडणी असते, म्हणजे एका पिक्सेलमागे तीनऐवजी दोनच उपपिक्सेल. २०१६ चे रिफ्ट आणि व्हाइव्ह हे हेडसेट असेच होते, १०८०×१२०० चे, आणि त्यात जाळी लावलेल्या खिडकीतून बघितल्याचा भास व्हायचा. म्हणून दोन जातींच्या पॅनलचे आकडे समोरासमोर ठेवून तुलना करण्यात फारसा अर्थ नाही.

वाचनाबद्दल स्पष्टच लिहितो, कारण लोक हेडसेटमध्ये ऑफिसचं काम करण्याची स्वप्नं बघतात. ६/६ नजरेला दृश्याच्या एका अंशात साधारण ६० पिक्सेल लागतात. क्वेस्ट २ मध्ये ते वीसच्या आसपास, क्वेस्ट ३ मध्ये पंचवीसच्या. पॅनकेकमुळे पडद्याचा कोपराही वाचता येतो हे खरं, पण अक्षर मोठं करावंच लागतं, आणि मोठं केलं की पडद्यावर मजकूर कमी मावतो. मेल वाचायला ठीक. मोठ्या तक्त्यावर मी अजूनही साध्या मॉनिटरवरच काम करतो.

जवळची वस्तू डोळ्यांसमोर धरली की ती धूसर वाटते आणि कपाळ दुखतं, यात मात्र लेन्सचा कमी-जास्तपणा नाही. दोन्ही डोळे जवळ वळतात, फोकस मात्र ठरावीक अंतरावरच अडकलेला असतो. तिन्ही हेडसेटमध्ये हे सारखंच आहे.

डोळ्यांमधलं अंतर जुळवणं हा विषय सगळे शेवटी घेतात, खरं तर तो आधी घ्यायला हवा. क्वेस्ट २ मध्ये ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर असे तीनच खाचे आहेत. ज्याचं अंतर मधेच कुठेतरी पडतं त्याला चित्र कायम किंचित ओढल्यासारखं वाटतं. चाक फिरवून हळूहळू जुळवता येणारा हेडसेट घरात एकाहून अधिक जण वापरणार असतील तर फार सोयीचा. चष्मेवाल्यांनी नंबरच्या जोड-लेन्स बसवाव्यात. चष्म्यासकट घातला तर लेन्सवर चरे पडतात, आणि डोळा लांब गेल्यामुळे दृश्याची चौकटही आक्रसते. लेन्स कोरड्या मऊ कापडानेच पुसायची, स्पिरिट लावायचं नाही. आणि हेडसेट खिडकीजवळ उताणा ठेवायचा नाही. ऊन लेन्समधून पॅनलवर एकवटतं आणि कायमचा डाग पडतो.

विकत घेण्याआधी कुणाकडे हातात मिळाला तर गेम खेळत बसू नका. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं असलेला कुठलाही मेनू उघडा, मान स्थिर ठेवा आणि फक्त डोळ्यांनी चारही कोपरे वाचून बघा. मग एकेक डोळा मिटून तेच पुन्हा करा. कधीकधी एकाच बाजूची लेन्स किंचित तिरकी बसलेली असते, आणि दोन्ही डोळे उघडे असताना ते कळत नाही.