कोल्हापूर, राजारामपुरीतलं मलम करून देणारं मेडिकल, ४ स्टार

आईच्या टाचांना नुसत्या भेगा न्हवत्या, कातडं जाड होऊन रक्त यायचं. स्किनच्या डॉक्टरनी सॅलिसिलिक अ‍ॅसिड १० टक्के, व्हॅसलीनमध्ये, ५० ग्रॅम असं लिहून दिलं, तयार ट्यूबमध्ये बऱ्याचदा सोबत स्टिरॉइड असतं ते त्यांना नको होतं. आता हे करून देणार कोण? शाहूपुरीपासनं बिंदू चौकापर्यंत चार मेडिकलं फिरलो, "असलं आता कोण करत नाही ओ", आणि एकानं तर आतनं बिनलेबलची डबी आणून ठेवली, किती टक्क्याचं विचारलं तर म्हणे "लावा की, बरं वाटतंय." तिथंच परत दिली.

मग हे दुकान घावलं. पहिल्यांदा रात्री गेलो तर पोरगं म्हणालं फार्मासिस्ट मॅडम नाहीत, उद्या या. जाम वैतागलो, पण त्याचं बरोबर होतं, असं औषध रजिस्टर्ड फार्मासिस्टनं स्वतः नाहीतर त्यांच्या डोळ्यादेखतच करायचं, औषधांच्या १९४५ च्या रूल्समध्येच आहे ते.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी माझ्यासमोरच केलं. काट्यावर ५ ग्रॅम पावडर, पांढऱ्या टाइलवर लिक्विड पॅराफिनच्या दोन-चार थेंबांत घोटली, मग व्हॅसलीन थोडं थोडं घालत पट्टीनं रगडत बसल्या, पंधरा मिनिटं तरी. सगळं एकदम घातलं तर गुठळ्या राहतात नी जिथं पावडर जास्त तिथं कातडं भाजतंय म्हणाल्या. डबीवर आईचं नाव, टक्का, तारीख, "फक्त बाहेरून लावण्यासाठी".

१२० रुपये झाले. म्हटलं केमिकलच्या दुकानात पावडर स्वस्त मिळंल की, तर बाटलीवरचं 'आयपी' दाखवलं, म्हणजे इंडियन फार्माकोपिया, औषधाच्या दर्जाचं, आणि १९८६ चं मुंबईच्या जेजे हॉस्पिटलचं सांगितलं, ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी केमिकल निघालं नी १४ पेशंट गेले. मी गप्प पैसे दिले.

आज्जीला गोळी गिळत नाही म्हणून बीपीची पण कुटून सिरप करून द्या म्हटलं, तर स्ट्रिप बघून सरळ नाही म्हणाल्या. गोळीच्या नावापुढं 'एक्सएल' होतं, म्हणजे दिवसभर हळूहळू सुटणारी, कुटली की सगळा डोस एकदम अंगात. डॉक्टरकडनं साधी गोळी लिहून आणा म्हणाल्या. गिऱ्हाईक परत पाठवणारं मेडिकल पहिल्यांदाच बघितलं.

एक स्टार कापला तो पार्किंगचा नी डबीच्या टोपणाचा. टोपण ढिलं, पिशवीत सगळं व्हॅसलीन, आता डबी वाटीत उभी करून ठेवलीय.