दुसऱ्याच्या चित्रावर लाल रेघ ओढायला क्रिटा कसं आहे?

क्रिटा या चित्रं रंगवायच्या सॉफ्टवेअरबद्दल लिहिणारे बहुतेक जण त्यातल्या ब्रशांबद्दल लिहितात. ब्रश चांगलेच आहेत, वाद नाही. मी मात्र हे सॉफ्टवेअर जास्त करून वेगळ्याच कामाला वापरते: मित्रमैत्रिणींच्या चित्रांवर अभिप्राय द्यायला आणि माझ्या चित्रांवर आलेले अभिप्राय पारखायला. त्या कामाला ते कितपत उपयोगी पडतं, एवढंच इथे सांगते. बाकी माहिती थोडक्यात: फुकट आहे, ओपन सोर्स आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतं, अँड्रॉइड टॅबलेटसाठीही मिळतं. आयपॅडसाठी नाही.

कॉम्पोझिशनवरची, म्हणजे चित्रातल्या मांडणीवरची, टीका नुसत्या शब्दांत केली की लंगडी पडते. 'डावी बाजू जड वाटते', 'नजर कुठे ठरत नाही', हे वाचून समोरच्याने नेमकं काय करायचं? उलट चेहऱ्याचं नाक चुकलं असेल तर ते सांगता येतं. कॉम्पोझिशनमध्ये दोष एका जागी नसतो, तो दोन जागांच्या नात्यात असतो, म्हणून तो दाखवावाच लागतो.

एका मैत्रिणीचं चित्र घ्या. रात्रीचा समुद्र, पुढे काळा कडा, कड्यावर कंदील घेतलेली मुलगी आणि वर उजव्या कोपऱ्यात पूर्ण चंद्र. चित्र मुलीचं आहे, असं तिने आधीच लिहून पाठवलं होतं. (हे एक वाक्य मागितल्याशिवाय मी अभिप्राय देत नाही. चित्र कशाबद्दल आहे हेच माहीत नसेल, तर मी फक्त माझी आवड सांगत बसेन.) क्रिटात चित्र एकावर एक ठेवलेल्या थरांचं, म्हणजे लेयरांचं, बनतं. मी सगळ्यात वर एक फिल्टर लेयर टाकला, डीसॅच्युरेट. त्यावर दुसरा, पोस्टराइझ, पायऱ्या अगदी कमी ठेवून. रंग गेले आणि सगळं चित्र तीन-चार सपाट छटांत मोडलं. चंद्र ठणठणीत उरला. मुलगी कड्यात विरघळून गेली. तेवढा स्क्रीनशॉट पाठवला, सोबत एक शब्दही लिहिला नाही. तिचं उत्तर आलं, "अगं, माझी मुलगी कुठे गेली?"

फिल्टर लेयरची गंमत अशी की खालच्या चित्राला तो हात लावत नाही. लेयरशेजारचं डोळ्याचं चिन्ह बंद केलं की सगळं जसंच्या तसं. लेयरवरची वस्तू सरकवून पाहायच्या ट्रान्सफॉर्म मास्कचंही तेच. तिने फाइल लेयरांसकट पाठवली होती, म्हणून मुलीच्या लेयरवर मास्क लावून तिला थोडं वर सरकवून पाहिलं, डोकं समुद्राच्या उजळ पट्ट्यावर येईल इतकं. डोकं सुटं झालं, पण कंदिलाचं टोक नेमकं क्षितिजरेषेला टेकलं. दोन वस्तूंच्या कडा अशा जेमतेम शिवल्या की खोली मरते आणि नजर तिथेच अडखळते. याला टँजंट म्हणतात, आणि दुसऱ्याचं चित्र सुधारताना तो हटकून जन्माला येतो. तो तसाच ठेवून लाल गोल केला आणि शेजारी दुसरा पर्याय ठेवला: मुलगी जागच्या जागी, चंद्र ढगाआड. तिने दोन्ही नाकारले. क्षितिज खाली घेतलं, ढगांवरचं चांदणं मुलीच्या मागे आलं, आणि चित्र उभं राहिलं. मला सुचलं नसतं. म्हणूनच मी कधी एकच उपाय पाठवत नाही. एकटा उपाय हुकुमासारखा वाचला जातो.

रोजच्या वापरातलं म्हणाल तर 'एम' ही कळ. दाबली की चित्र आरशातल्यासारखं उलटं दिसतं. फक्त दिसतं, फाइल बदलत नाही, त्यामुळे दुसऱ्याच्या कामावरही बिनधास्त दाबावी. ४ आणि ६ ने कॅनव्हास फिरतो, ५ ने सरळ होतो. याहून मोलाची सोय विंडो मेन्यूत दडलेली आहे: त्याच चित्राचा दुसरा व्ह्यू उघडता येतो. तो मी नखाएवढा करून कोपऱ्यात ठेवते. मोठ्या व्ह्यूत काम करताना छोटाही बदलत जातो. मोठ्या पडद्यावर पापण्यांच्या केसांचं कौतुक करणारा माणूस छोट्या चित्राकडे बघून गप्प होतो. माझ्यासकट.

टीका घेण्याच्या बाजूला कॉम्पोझिशन्स डॉकर (डॉकर म्हणजे कॅनव्हासच्या कडेचं छोटं पॅनल) कामाला येतो. कोणते लेयर चालू आणि कोणते बंद, ही अवस्था त्यात नाव देऊन जपता येते. मूळ चित्र, एकाचे बदल, दुसरीचे बदल, अशा अवस्था साठवायच्या आणि एका क्लिकने एकीवरून दुसरीवर जायचं. आलेली टीका दोन दिवसांनी अशी पाहिली की कोणाला चित्रातला दोष दिसला होता आणि कोणाला फक्त स्वतःची शैली दिसत होती, हे वेगळं काढता येतं.

माझी मुख्य तक्रार इथे येते, आणि ती सॉफ्टवेअरपेक्षा ते वापरणाऱ्यांबद्दल जास्त आहे. हाताशी इतके देखणे ब्रश असले की अभिप्राय देणारा रंगवायलाच बसतो. माझ्या एका चित्रावर कुणीतरी अख्खं आकाश नवं रंगवून दिलं होतं. सुंदर होतं. पण ते त्याचं आकाश होतं, आणि माझ्या आकाशात काय बिघडलं होतं ते त्यातून कळेना. तेव्हापासून मी फाइल पाठवताना वर एक रिकामा लेयर ठेवते, त्याचं नाव 'फक्त लाल, फक्त रेघा'. बहुतेक जण पाळतात.

क्रिटात दोघांना एकाच वेळी एकाच कॅनव्हासवर काम करता येत नाही. ती गरज असेल तर ड्रॉपाइल पाहा. मला उणीव वाटत नाही, कारण समोरचा बघत असताना मी नको तितकी गोड बोलते. त्याऐवजी रेकॉर्डर डॉकर वापरते. २०२१ च्या अखेरीस आलेल्या ५.० आवृत्तीपासून तो आहे. रेघा ओढतानाचा टाइमलॅप्स तयार होतो, आणि कोणती रेघ मी पुसून परत काढली, हे चित्रकाराला दिसतं.

लेयरांची फाइल कुणी दिली नाही, नुसती जेपीजी आली, तर ट्रान्सफॉर्म मास्कची सोय जवळपास संपते. मुलगी उचलायची तर आधी कापावी लागते, आणि कापलेल्या जागी भोक उरतं. मग मी फिल्टर, लाल रेघा आणि क्रॉप सुचवणारी काळी चौकट यांवर थांबते. पहिल्या अभिप्रायाला एवढं पुरतं. पुढचं बोलणं हवं असेल तर फाइल मागून घेते.