‘ह्यूमन्स’, सीझन पहिला: माध्यम-अभ्यासासाठी घ्यावी का?

पुण्यात माध्यमशास्त्र शिकणाऱ्यांपुढे प्रकल्पाच्या वेळी एक प्रश्न हमखास येतो: विश्लेषणासाठी कोणती मालिका घ्यायची? रोजची मराठी मालिका घेतली, तर शेकडो भागांतून नेमके हेच का निवडले याचं समर्थन करण्यातच चार पानं जातात. अंतराळातली भव्य मालिका घेतली, तर अर्धा निबंध ते ग्रह आणि त्यांची भांडणं समजावण्यात संपतो. ब्रिटनच्या चॅनल ४ची ‘ह्यूमन्स’ या दोन्ही अडचणींतून सुटका करते. पहिला सीझन फक्त आठ भागांचा आहे आणि गोष्टीचा मोठा हिस्सा एका मध्यमवर्गीय घरात घडतो. हे परीक्षण त्या सीझनचं, त्यातही मुख्यतः पहिल्या भागाचं. मालिका रंगते का, तर रंगते. पण इथे तपासायचं आहे ते अभ्यासाचं साहित्य म्हणून ती किती टिकते.

आधी जुजबी माहिती. मालिका जून २०१५मध्ये ब्रिटनमध्ये चॅनल ४वर आणि त्याच महिन्यात अमेरिकेत एएमसीवर सुरू झाली. निर्मिती कुडोस या कंपनीची, लेखन सॅम व्हिन्सेंट आणि जोनाथन ब्रॅकली यांचं, मूळ कल्पना २०१२च्या एका स्वीडिश मालिकेची. काळ आजचाच, शहर लंडन, गाड्या-फोन-कपडे नेहमीचे. बदल एकच: माणसासारखे दिसणारे यंत्रमानव, म्हणजे ‘सिंथ’, घरकामासाठी दुकानात विकत मिळतात. बायको लॉरा कामानिमित्त बाहेरगावी असताना जो हॉकिन्स धाकट्या सोफीला घेऊन शोरूममध्ये जातो आणि एक सिंथ घरी आणतो. तिचं नाव अनिता. जेमा चॅनने ही भूमिका केली आहे.

विश्लेषकाच्या दृष्टीने मालिकेचा सगळ्यात मोठा गुण या काटकसरीत आहे. अंतराळयानं नाहीत, लेझर नाहीत, धातूची कवचंही नाहीत. समोरची बाई माणूस नाही हे सांगायला दिग्दर्शकाकडे हिरवे डोळे, पोशाख, उभं राहण्याची ढब, बोलण्याचा सूर आणि कॅमेरा एवढंच आहे. त्यामुळे अर्थ कुठून तयार होतो हे बोट ठेवून दाखवता येतं. सिंथ झालेल्या कलाकारांना हालचालींचं वेगळं प्रशिक्षण दिलं गेलं होतं. एकही हालचाल फुकट नाही, हे त्यामागचं सूत्र. माणूस खुर्चीवर बसताना आधी पदर-ओढणी सावरतो, इकडेतिकडे बघतो, मग टेकतो. सिंथ नुसता बसतो. १९७०मध्ये जपानी यंत्रमानवतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी मांडलेली, माणसाच्या अगदी जवळ पोहोचलेल्या यंत्राबद्दल वाटणाऱ्या अस्वस्थतेची कल्पना शिकवायची असेल, तर इतकं स्वच्छ उदाहरण क्वचित मिळेल.

आता धोका. इंग्लंड-वेल्समधल्या एडुकास या परीक्षा मंडळाने आपल्या ए-लेव्हल माध्यम अभ्यासक्रमात या मालिकेचा पहिलाच भाग नेमला होता. त्यामुळे तयार टिपणांचा ढीग आंतरजालावर पडलेला आहे. बार्थ, तोदोरोव्ह, लेव्ही-स्ट्रॉस, बोद्रियार, स्टीव्ह नील, व्हॅन झूनेन, असे सगळे सिद्धांतकार ओळीने उभे केलेले. ही टिपणं चुकीची नाहीत, पण सोळा-सतरा वर्षांच्या ब्रिटिश मुलांच्या परीक्षेसाठी बेतलेली आहेत. तीच पुण्यातल्या पदव्युत्तर प्रकल्पात उतरली की परीक्षकाला दुसऱ्या परिच्छेदातच वास येतो. ‘मानव विरुद्ध यंत्र हे द्वंद्व इथे दिसते’ या वाक्यानंतर वाचण्यासारखं काही उरत नाही.

त्या टिपणांतून एक गोष्ट निसटते आणि ती पुण्यातल्या वाचकाला आयती हातात मिळते. पहिला भाग कृत्रिम बुद्धिमत्तेपेक्षा घरकामाबद्दल जास्त आहे. स्वयंपाक कोणी करायचा, मुलीला झोपवताना गोष्ट कोणी वाचायची, आवरलेल्या घराचं श्रेय कोणाला, आणि हे करणारी बाई जेवणाच्या वेळी कुठे उभी राहते. ब्रिटिश मध्यमवर्गीय घरात रोज येणारी कामवाली हा सर्वसाधारण अनुभव नाही, म्हणून तिथल्या टिपणांत सिंथ हे भविष्याचं रूपक ठरतं. कोथरूड किंवा औंधच्या फ्लॅटमध्ये बसून बघणाऱ्याला ती धुणी-भांडी आणि पोळ्यांची रोजची व्यवस्था दिसते. वेगळा कप, स्वयंपाकघरापुरता वावर, काही सोसायट्यांमधली वेगळी लिफ्ट. स्टुअर्ट हॉलने १९७३मध्ये मांडलेलं संकेतन-विसंकेतनाचं प्रारूप (निर्माता अर्थ घालतो, प्रेक्षक तो आपल्या परीने काढतो) बहुतेक निबंधांत व्याख्येपुरतं येतं. इथे ते खरोखर वापरता येतं, कारण प्रेक्षक बदलल्यावर अर्थ कसा सरकतो याचा पुरावा वर्गातच बसलेला असतो.

हा धागा पुढे नेता येतो. घरकामगार स्त्रियांच्या संघटनेचा पुण्याला १९८०पासूनचा इतिहास आहे, आणि राज्यात महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम २००८मध्ये झाला. पगार न मागणारी, रजा न घेणारी, खाडा न करणारी बाई विकत मिळाली तर काय, हा मालिकेचा प्रश्न या पार्श्वभूमीवर ठेवला की तो वेगळाच बोचतो. अनिताचं आधीचं नाव मिया होतं आणि विक्रीनंतर ते बदललं, ही गोष्ट सासरी नाव बदललेल्या आयाआज्या पाहिलेल्या प्रेक्षकाला समजावून सांगावी लागत नाही. भूमिकेसाठी पूर्व आशियाई वंशाची अभिनेत्री निवडणं आणि तो २०१५च्या ब्रिटनमधला स्थलांतरितांवरून तापलेला काळ, हा प्रतिनिधित्वाचा आणखी एक पदर. तो ब्रिटिश टिपणांत सापडतो, पण दोन ओळींत उरकलेला.

प्रत्यक्ष काम कसं करायचं यात विद्यार्थी सगळ्यात जास्त अडखळतात, म्हणून ते जरा सविस्तर.

अख्खा भाग विश्लेषणाला घेऊ नका. सुमारे पाऊण तासाच्या भागातला तीन ते चार मिनिटांचा एक तुकडा पुरतो. तीन जागा चांगल्या आहेत: सुरुवातीचं गोदाम, जिथे ओळीने उभ्या सिंथांमधली एक मान वर करून चंद्राकडे बघते, शोरूममधली खरेदी, आणि लॉरा घरी परतून अनिताला प्रथम पाहते तो प्रसंग. नवख्याने तिसरा घ्यावा. गोदामाचं दृश्य इतकं देखणं आहे की निबंधात नुसती विशेषणं येतात. शोरूमचा प्रसंग जाहिरातीच्या भाषेवर लिहिणाऱ्याला उत्तम. मालिका येण्याआधी चॅनल ४ने पर्सोना सिंथेटिक्स या काल्पनिक कंपनीची जाहिरात मालिकेचं नाव न सांगता दाखवली होती, ती याला जोडून घेता येते.

तुकडा ठरला की तो आधी आवाज बंद करून बघा, मग पडद्याकडे पाठ करून नुसता ऐका. क्रिस्टोबल तापिया दे व्हीरचं संगीत कुठे सुरू होतं आणि कुठे गप्प बसतं हे दुसऱ्या फेरीतच कळतं. नंतर तक्ता. रकाने आठ: शॉटचा (दोन कटांमधल्या सलग चित्रणाचा) क्रमांक, सुरुवातीची वेळ, शेवटची वेळ, चौकटीचा आकार, कॅमेऱ्याचा कोन व हालचाल, प्रकाश-रंग-वस्तू, ध्वनी, आणि शेवटचा ‘अर्थ’. हा शेवटचा रकाना पहिल्या फेरीत कोरा ठेवायचा. सगळी गडबड तिथेच होते. अर्थ आधी ठरला की माणूस पुरावा शोधत सुटतो आणि निळसर प्रकाश दिसला रे दिसला की ‘तंत्रज्ञानाचा थंडपणा’ लिहून मोकळा होतो. तो प्रकाश खिडकीतून आलेला सकाळचा उजेडही असू शकतो. त्याच दृश्यात माणसांवरही तसाच पडतो का, हे तपासल्याशिवाय त्याला अर्थ चिकटवायचा नाही.

संख्या काढायच्या त्या मोजक्या. तुकड्याचे एकूण सेकंद भागिले शॉटची संख्या म्हणजे शॉटची सरासरी लांबी. १८० सेकंदांत ४५ शॉट असतील तर ४ सेकंद. पण सरासरी फसवी असते. अनिता चौकटीत एकटी असतानाचे शॉट आणि कुटुंबाचे शॉट वेगळे मोजा, म्हणजे तुलनेला काही हाती लागेल. कोण बसलंय, कोण उभं आहे, आणि चौकटीच्या मध्यभागी कोण आहे याची नोंद चौथ्या रकान्यातच करा. घरकामाचा मुद्दा मांडणार असाल तर हा तुमचा मुख्य पुरावा.

यासाठी व्हीएलसी प्लेअर पुरेसा आहे आणि तो फुकट आहे. ‘ई’ ही कळ दाबली की चित्र एकेक फ्रेमने पुढे जातं. ब्रिटिश टीव्हीचा वेग सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे अनिता डोळ्यांची उघडझाप किती अंतराने करते हेही मोजता येतं. विंडोजवर शिफ्ट आणि ‘एस’ एकत्र दाबलं की चौकट जतन होते. चौकटी कंसाच्या दोन कळांनी वेग थोडा-थोडा कमी-जास्त करता येतो. फ्रेम एकेक करून मागे मात्र नेता येत नाही, त्यामुळे शॉटच्या थोडं आधीपासून सुरुवात करावी.

ओटीटीवरून हे काम करायला गेलात की पहिली ठेच स्क्रीनशॉटची. कॉपी-संरक्षणामुळे चौकट काळी येते. अभ्यासासाठी डीव्हीडी बरी, पण ब्रिटनमधली डीव्हीडी विभाग २ची असते आणि भारत विभाग ५मध्ये येतो, म्हणून ती इथल्या ड्राइव्हवर तशीच चालत नाही. संगणकाच्या ड्राइव्हचा विभाग साधारणपणे पाचच वेळा बदलता येतो, मग तो कायमचा अडकतो. वसतिगृहातल्या सामाईक संगणकावर हा उद्योग करू नये. प्रबंधात चौकटी छापायला लोक उगाच घाबरतात. प्रताधिकार अधिनियम १९५७च्या कलम ५२मध्ये संशोधन आणि समीक्षेसाठी न्याय्य वापराची सोय आहे. मालिका, भाग आणि वेळ प्रत्येक चौकटीखाली लिहा, आणि जिच्याबद्दल मजकुरात बोलला नाहीत अशी एकही चौकट लावू नका.

नव्या मोठ्या टीव्हीवर बघणार असाल तर हालचाल गुळगुळीत करणारी सोय आधी सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. ती दोन फ्रेमच्या मध्ये स्वतःच्या फ्रेम घुसवते आणि माणसांच्या हालचालीही घरंगळल्यासारख्या दिसू लागतात. ज्या फरकावर ही मालिका उभी आहे तोच मग पुसट होतो. डब केलेली आवृत्तीही याच कारणासाठी निरुपयोगी: सिंथचा सपाट, न चढणारा सूर हा अभिनयाचाच भाग आहे. इंग्रजी सबटायटल घ्या, पण चौकट जतन करताना ती बंद करा.

सिद्धांतांबद्दल एकच सल्ला: दोन घ्या. घरकामाच्या मांडणीला हॉल आणि लिंगभावाची अभ्यासक व्हॅन झूनेन पुरतात. विज्ञानकथा या प्रकाराबद्दल लिहायचं असेल तर नील, कारण सवयीचं आणि नवं यांची सांगड मालिका कशी घालते हे कुटुंबनाट्य आणि विज्ञानकथा यांच्या मिश्रणातून दाखवता येतं. तोदोरोव्हचं संतुलन-असंतुलन, म्हणजे आधी सुरळीत असलेली स्थिती बिघडते आणि शेवटी पुन्हा सावरते हा कथेचा साचा, इथे नीट बसत नाही. हॉकिन्सांच्या घराचं संतुलन अनिता येण्याआधीच बिघडलेलं आहे, आणि पहिला भाग ती सोफीला रात्री घराबाहेर घेऊन जाते तिथे तोडलेला आहे. बसत नाही हेच लिहिलंत तर मात्र चांगले गुण मिळतील.

उद्योगाच्या अंगाने लिहिणाऱ्यांनाही माल आहे. चॅनल ४ ही सार्वजनिक मालकीची पण जाहिरातींवर चालणारी वाहिनी आहे आणि कार्यक्रम बाहेरच्या निर्मात्यांकडून घेते. आपल्याकडच्या दूरदर्शन-खासगी वाहिनी या सरळ विभागणीत ती बसत नाही. या मालिकेत आधी मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स मनोरंजन विभाग भागीदार होता. तो २०१४मध्ये बंद झाल्यावर एएमसी आलं. दोन देशांच्या प्रेक्षकांसाठी एकच मालिका बेतताना काय तडजोडी होतात, हा स्वतंत्र प्रकल्पाचा विषय आहे. स्वीडिश मूळ मिळालं तर तुलना जरूर करा: तिथले यंत्रमानव मेणासारख्या चकचकीत त्वचेचे आहेत, ब्रिटिश सिंथ डोळे सोडले तर माणसांसारखेच.

उणिवाही आहेत. पोलिसांची उपकथा पहिल्या भागात ओढूनताणून आणलेली वाटते आणि विश्लेषणात तिचा उपयोग जवळजवळ शून्य. डॉ. मिलिकन आणि त्यांचा जुना, बिघडत चाललेला सिंथ ओडी ही जोडी मात्र विल्यम हर्टमुळे सगळ्यात हृद्य. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची काळजी हा विषय, मुलं परदेशी गेलेल्या पुण्यातल्या कितीतरी घरांना लागू आहे, पण त्यावर लिहायचं तर पुढचे भागही घ्यावे लागतात.

दुसरा (२०१६) आणि तिसरा सीझन (२०१८) बघायला हरकत नाही, अभ्यासाला घेऊ नका. कथानक घराबाहेर पडतं, पात्रं वाढतात, आणि तिसऱ्यात तर हिरव्या डोळ्यांचे सिंथ जाणीव येऊन जागे झालेले असल्यामुळे प्रश्न नागरी हक्कांचा होतो. त्यावर लिहायला वेगळा प्रबंध लागेल. एका सत्राच्या प्रकल्पाला पहिला भाग आणि चार मिनिटांचा तुकडा भरपूर झाला.