पट्ट्यासाठी चामडं: तेलातलं बफ की हिरडा-बाभळीचं?

पटाशी, रंध्याचं पातं किंवा वस्तरा दगडावर लावून झाला की शेवटचा हात चामड्यावर फिरवायचा, हे वाचणाऱ्यांना ठाऊक आहे असं धरून चालतो. प्रश्न एवढाच, की धारेचा पट्टा करायला फळीवर चिकटवायचं चामडं कोणतं घ्यावं: तेलात कमावलेलं बफ, की हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावलेलं?

आधी नावाचा घोळ सोडवू. आपल्याकडे चामड्याच्या बाजारात 'बफ' म्हणजे म्हशीचं चामडं, मग ते कशातही कमावलेलं असो. जुन्या अर्थाचं बफ वेगळं. फ्रेंच भाषेत म्हशीला 'बफ्ल' म्हणतात, त्यावरून हे नाव आलं. पण पुढे युरोपात एल्क हरणाचं आणि बैलाचं कातडंही याच रीतीने कमावलं जाऊ लागलं आणि नाव जनावराचं न राहता रीतीचं झालं. रीत अशी: कातडं चुन्यात ठेवून केस काढायचे, वरचा गुळगुळीत थर तासून टाकायचा म्हणजे तेल आत शिरायला वाट होते, मग कॉड माशाचं तेल लावून लाकडी हातोड्यांखाली कुटायचं, वाऱ्यावर टांगायचं, पुन्हा तेल, पुन्हा कुटणं. तेलाचा हवेशी संयोग होऊन ते कातड्याच्या तंतूंना धरून बसतं आणि उरलेलं तेल खाराच्या पाण्याने धुऊन काढतात. पिवळसर रंग येतो तो या तेलामुळेच. दोन्ही बाजू मखमली, अंग स्पंजासारखं. गाडी पुसायला मिळणारं अस्सल शॅमी चामडं याच कुळातलं, फक्त मेंढीचं आणि पातळ.

सतराव्या शतकात युरोपातले घोडेस्वार याचे जाड कोट घालत. स्वीडनचा राजा गुस्ताव अडॉल्फ 1632 साली ल्युट्झेनच्या लढाईत मारला गेला तेव्हा त्याच्या अंगावर असाच कोट होता. 1627 सालच्या जखमेत अडकलेल्या गोळीमुळे लोखंडी चिलखत त्याला सोसत नसे. तो कोट आजही स्टॉकहोमच्या संग्रहालयात आहे. असा कोट तलवारीचा वार बऱ्यापैकी झेलायचा, कारण चामडं दबतं आणि घावाचा जोर पसरवतं. बंदुकीच्या सरळ गोळीपुढे मात्र त्याचं काही चालत नसे. कोट मागे पडल्यावर हेच चामडं पलटणींच्या पट्ट्यांना वापरलं गेलं. कंपनी सरकारच्या फौजेच्या चित्रांत शिपायांच्या छातीवर जे पांढरे आडवे पट्टे दिसतात, त्यांवर पांढऱ्या मातीचा लेप असे. मखमली अंगामुळे तो लेप धरून राहायचा. ब्रिटिश पायदळाने 1908 साली सुती पट्टे घेतले आणि या चामड्याची मोठी मागणी संपली. राहिला तो पॉलिशचा उपयोग: घासण्याच्या काठ्यांना आणि चाकांना हेच चामडं लावत, म्हणून चकाकी आणण्याच्या कामाला आजही कारखान्यात 'बफिंग' म्हणतात.

इतिहास इथे आणायचं कारण असं, की धारेच्या पट्ट्यासाठी बफ घ्यायचं तर त्याचे हेच दोन गुण आपल्या वाट्याला येतात. ते लेप छान धरतं, आणि ते दबतं.

लेप धरण्यात बफला तोड नाही. हिरव्या क्रोमियम ऑक्साइडची, म्हणजे धार चकचकीत करणाऱ्या बारीक पुडीची, वडी दोन-तीनदा ओढली की पूड तंतूंत बसते आणि बरेच दिवस टिकते. शिवाय टांगता पट्टा (फळीवर न चिकटवता अडकवून ताणायचा) मळला तर कोमट पाण्यात साबण घालून धुता येतो. सावलीत वाळवून हाताने चोळला की पुन्हा मऊ. हिरडा-बाभळीच्या चामड्याला हे जमत नाही. ते भिजून वाळलं की काळवंडतं, ताठरतं, कधी फळीवरून कडा सोडतं. पावसाळ्यात त्यावर बुरशीही लवकर धरते. कोरड्या फडक्याने पुसून वारा द्यावा लागतो.

तरीही माझा कल कुठे आहे ते सांगतो, आणि तो एकाच त्रासामुळे आहे: पटाशीची पाठ, म्हणजे तिची सपाट बाजू.

पातं मागे ओढताना त्याच्या भाराखाली बफ खाली दबतं आणि धार पुढे सरकली की तिच्या लगेच मागे उसळून वर येतं. म्हणजे धारेच्या अगदी टोकाला चामडं ठरवलेल्या कोनापेक्षा चढ्या कोनात घासतं. उताराच्या, म्हणजे तिरक्या घासलेल्या बाजूला हे एकवेळ खपतं, पुढच्या वेळी दगड ते काढून टाकतो. पण बर (घासताना धारेवर उठणारी बारीक कड) काढायला पाठही चामड्यावर घासावी लागते, आणि पाठीची धारेलगतची केसभर पट्टी हळूहळू गोल होते. डोळ्यांना ती दिसत नाही. दिव्याखाली पाठ तिरकी धरली तर टोकाशी एक वेगळी चमकती रेघ दिसते, तीच ती. अशी पटाशी लाकडावर सपाट ठेवून ढकलली तर चावत नाही, मूठ जरा उचलावी लागते, आणि मूठ उचलली की सालाची (लाकडात जोडासाठी कोरलेल्या खाचेची) भिंत सरळ राहत नाही. दुरुस्ती म्हणजे पाठ सपाट दगडावर, गोल भाग जाईपर्यंत घासणं. रुंद पाठीचं तेवढं पोलाद काढायला अख्खी दुपार जाते.

हिरडा-बाभळीचं चामडं दबत नाही असं नाही, पण फार कमी. कोल्हापुरी चपलेच्या तळव्याचं म्हशीचं चामडं पाहा: कातडं पिशवीसारखं शिवून, आत बाभळीची साल आणि हिरड्याची पूड घातलेलं पाणी भरून, टांगून कमावलेलं. त्याचा ठोकून दाबलेला तुकडा नखाने दाबला तर खूण जेमतेम उठते. पट्ट्याला मला हेच योग्य वाटतं. 2 ते 3 मिलिमीटर जाडी पुरे. सागाची सपाट फळी, सुमारे 300 बाय 60 मिलिमीटर. खडबडीत बाजू खाली, पांढरा लाकूडगोंद पातळ आणि सगळीकडे सारखा, वर सपाट वजन ठेवून रात्रभर. गोंदाची गाठ राहिली तर तिथे चामडं उंच राहतं आणि पातं प्रत्येक फेरीत अडखळतं. वरची गुळगुळीत बाजू 120 नंबरच्या कागदाने हलकी घासा, नाहीतर वडी नुसती घसरते. मशीन ऑइलचा एखादा थेंब, त्यावर पातळ लेप. प्रत्येक बाजूला 10 ते 15 फेऱ्या, नेहमी धार मागे ठेवून ओढत. फेरीच्या शेवटी मूठ वर उचलायची नाही, पातं सरळ उचलून घ्यायचं. लेप काळा पडून चकाकायला लागला की बोथट सुरीने खरवडून नवा लावा. आणि पाणी नाही.

बफचं काम वेगळ्या ठिकाणी आहे. नक्षीच्या गोल पटाशा, विळीचं पातं, कोयता यांची धार वाकडी असते. तिथे दबणारं चामडं वाकाबरोबर जातं आणि कडक पट्टा फक्त एका रेषेवर टेकतो. टांगत्या पट्ट्यावर वस्तरा लावणाऱ्यांनाही बफ आवडू शकतं, फक्त ते ताणलं जातं, तेव्हा पट्टा घट्ट ओढून धरा आणि वस्तऱ्याच्या स्वतःच्या वजनापेक्षा जास्त भार देऊ नका. पितळ-चांदीच्या चकाकीला तर बफच. सरळ पटाश्या आणि रंधे हेच मुख्य काम असेल आणि एकच पट्टा करायचा असेल, तर मी हिरडा-बाभळीचंच सुचवेन.

घेताना दुकानदाराच्या 'बफ' या शब्दावर थांबू नका, कापलेली कड पाहा. आरपार पिवळसर आणि माशाच्या तेलाचा किंचित वास, तर तेलातलं. तपकिरी, तर बहुधा सालीचं. मध्ये निळसर-करडी रेघ असेल तर क्रोमचं (क्रोमियमच्या क्षारात कमावलेलं), जे पट्ट्याला सहसा फार लवचीक पडतं. कड रंगवलेली असेल तर बारीक पट्टी कापून मिनिटभर उकळत्या पाण्यात टाका: क्रोमचं चामडं बहुतेक तसंच राहतं, बाकीची दोन्ही आक्रसून गोळा होतात.